दुचाकी अनुज्ञप्तीची चाचणी : कौशल्य, माहिती आणि सार्वजनिक हित



देशातील कोणत्याही प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या चाचणी मैदानावर सकाळच्या वेळी दिसणारे दृश्य साधारणपणे सारखेच असते. हातात कागदपत्रे घेतलेल्या तरुण-तरुणींची रांग, 'एल' अक्षराची पाटी लावलेल्या दुचाकी, जमिनीवर चुन्याने अथवा रंगाने आखलेला मार्ग आणि त्याच्या कडेला उभे असलेले मोटार वाहन निरीक्षक. एकेक उमेदवार पुढे येतो, ठरवून दिलेला मार्ग पूर्ण करतो आणि काही मिनिटांत त्याचा निकाल लागतो.

विकासाच्या चर्चेत या काही मिनिटांचा उल्लेख क्वचितच होतो. परंतु २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात असलेली एक तरतूद लक्षात घेतली, तर त्यांचे महत्त्व स्पष्ट होते. वयाची ३० वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मिळालेली अनुज्ञप्ती ती व्यक्ती ४० वर्षांची होईपर्यंत वैध राहते. म्हणजेच १८ व्या वर्षी चाचणी उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला पुढील २२ वर्षे वाहन चालविण्यास शासनाची मान्यता मिळते. एवढ्या दीर्घ मुदतीचा निर्णय एवढ्या अल्प वेळात घेतला जात असेल, तर तो कशाच्या आधारावर घेतला जातो, हा प्रश्न केवळ परिवहन खात्याचा राहत नाही. तो सार्वजनिक धोरणाचा प्रश्न ठरतो.

या प्रश्नामागील वास्तव गंभीर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे ४४.५ टक्के व्यक्ती दुचाकीवर होत्या. मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होते. ज्या वयात कुटुंबाची मिळकत सुरू होते, शिक्षणावर केलेल्या खर्चाचा परतावा मिळू लागतो, त्याच वयातील ही हानी आहे. लोकसंख्येच्या लाभांशाची चर्चा करताना या आकड्यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

अनुज्ञप्ती कशासाठी?

सायकल चालविण्यासाठी परवाना लागत नाही, मोटारसायकलसाठी मात्र लागतो. या भेदाचे अर्थशास्त्रीय उत्तर दोन संकल्पनांमध्ये सापडते. पहिली संकल्पना बाह्य परिणामांची. अकुशल चालकाच्या चुकीची किंमत तो एकटा मोजत नाही. मागे बसलेली व्यक्ती, रस्ता ओलांडणारा पादचारी, समोरून येणारा सायकलस्वार आणि सार्वजनिक रुग्णालय हे सर्व त्या किमतीचे भागीदार होतात. जेथे स्वतःच्या कृतीची पूर्ण किंमत स्वतःला मोजावी लागत नाही, तेथे माणूस आवश्यकतेपेक्षा कमी काळजी घेतो. म्हणून शासनाचा हस्तक्षेप समर्थनीय ठरतो.

दुसरी संकल्पना माहितीच्या विषमतेची. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विक्रेत्याला ठाऊक असलेली गुणवत्ता ग्राहकाला ठाऊक नसेल तर बाजाराचे कार्यच बिघडते. रस्त्यावरही अशीच स्थिती असते. शेजारून जाणाऱ्या स्वाराला वेळेवर ब्रेक लावता येतो की नाही, हे इतरांना कळण्याचा मार्ग नसतो. तरीही त्याच्या कौशल्यावर विसंबूनच प्रत्येकजण रस्त्यावर उतरतो. अनुज्ञप्ती ही या अज्ञात कौशल्याविषयी शासनाने दिलेली ग्वाही असते.

ही ग्वाही विश्वासार्ह केव्हा ठरते? मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धांतात याचे उत्तर आहे. एखादा संकेत मिळविणे सक्षम व्यक्तीला सोपे आणि अक्षम व्यक्तीला अवघड असेल, तरच त्या संकेतावरून दोघांतील फरक ओळखता येतो. दोघांनाही तो सारख्याच किमतीत मिळू लागला, तर तो निरर्थक होतो. दुचाकीच्या चाचणीकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. निकाल कौशल्यावर अवलंबून असेल, तरच तयारीला मोल राहते आणि अनुज्ञप्तीला अर्थ राहतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३ नुसार अनुज्ञप्तीशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविता येत नाही. कलम ४ नुसार त्यासाठी किमान वय १८ वर्षे असून, ५० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन क्षमता असलेल्या दुचाकीसाठी ते १६ वर्षे आहे. गिअर नसलेली मोटारसायकल आणि गिअर असलेली मोटारसायकल हे कायद्याने दोन स्वतंत्र वर्ग मानले आहेत. ज्या वर्गासाठी अर्ज केला, त्याच प्रकारच्या वाहनावर चाचणी द्यावी लागते.

या प्रक्रियेचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी ज्ञानाची चाचणी होते. वाहतूक चिन्हे व नियम, अपघातप्रसंगी चालकाची कर्तव्ये, रखवालदार नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची खबरदारी आणि जवळ बाळगावयाची कागदपत्रे हे तिचे विषय होत. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के उत्तरे बरोबर असावी लागतात. २०२१ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत आधार पडताळणीच्या आधारे ही चाचणी घरूनही देता येऊ लागली.

शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते आणि ती मिळाल्यानंतर किमान ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे प्रत्यक्ष वाहन चालविण्याची चाचणी देता येत नाही. या ३० दिवसांकडे कार्यालयीन विलंब म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो सरावासाठी राखून ठेवलेला काळ आहे. चाचणीत अपयश आल्यास सात दिवसांनंतर पुन्हा बसता येते. मात्र तीन वेळा अपयश आल्यास ६० दिवस थांबावे लागते आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा उमेदवाराने उपचारात्मक प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. अपयशाला शिक्षा न मानता शिकण्याची आणखी एक संधी मानणारी ही रचना आहे.

तयारीचा क्रम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये चाचणीत तपासावयाच्या बाबींची सविस्तर यादी दिली आहे. अनेक उमेदवार ती यादी न वाचताच मैदानावर जातात. अभ्यासक्रम न पाहता परीक्षेला बसण्यासारखाच हा प्रकार आहे. या यादीच्या आधारे तयारीचा क्रम पुढीलप्रमाणे ठरविता येतो.

पहिली पायरी वाहन सुरू करण्यापूर्वीची. टायरमधील हवा, दोन्ही ब्रेक, साखळी, दिवे, इंडिकेटर आणि हॉर्न तपासणे, आरसे बसण्याच्या स्थितीनुसार जुळविणे, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधणे आणि साइड स्टँड वर घेतल्याची खात्री करणे या कृती सवयीच्या झाल्या पाहिजेत. आरसा जुळविणे आणि इंजिन सुरू करण्यापूर्वीची खबरदारी यांचा नियमात स्पष्ट उल्लेख आहे.

दुसरी पायरी मंद गतीवरील नियंत्रणाची. वेगात असलेली मोटारसायकल बऱ्याच अंशी स्वतःचा तोल स्वतः सांभाळते. खरी कसोटी चालण्याच्या वेगाने जाताना लागते. चाचणीतील वळणे याच वेगाने घ्यावी लागतात. त्यासाठी पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडून ठेवणे, ॲक्सिलरेटर स्थिर राखणे आणि वेग कमी करण्यासाठी मागील ब्रेक हलक्या पायाने वापरणे, या तीन क्रिया एकत्र साधाव्या लागतात. मंद गतीत वळताना पुढील ब्रेक जोराने दाबल्यास तोल जातो. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे पुढच्या चाकाकडे पाहणे. नजर जिकडे असते तिकडे वाहन वळते. म्हणून वळण घेताना मान फिरवून पुढील वळणाकडे पाहिले पाहिजे. मोकळ्या मैदानात काही दगड अथवा विटा समान अंतरावर मांडून नागमोडी जाण्याचा आणि पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा पूर्ण करण्याचा सराव रोज थोडा वेळ केला, तरी दोन-तीन आठवड्यांत लक्षणीय फरक पडतो.

तिसरी पायरी गिअर बदलण्याची आणि चढावावर थांबण्याची. सर्वांत वरच्या गिअरपर्यंत सहजपणे जाणे, पुन्हा खाली येणे, उतारावर वेळीच खालचा गिअर घेणे आणि चढावावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे ही कौशल्ये नियमात नमूद आहेत. चढावावर मागील ब्रेकवर पाय ठेवून, क्लच हळूहळू सोडत, इंजिनाची ओढ जाणवल्यावरच ब्रेक सोडावा.

चौथी पायरी थांबण्याची. येथे थोडे गणित उपयोगी पडते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला १० मीटर पुढे जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर १० मीटर अंतर तेथेच संपते. त्यानंतर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने घटत असेल, तर थांबण्यास आणखी १० मीटर लागतात. एकूण २० मीटर. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाल्यास प्रतिक्रियेचे अंतर २० मीटर आणि ब्रेकचे अंतर ४० मीटर, असे एकूण ६० मीटर होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे ज्याला समजले, त्याला वेगमर्यादेचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. सरळ रस्त्यावर थांबताना दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत. ब्रेक लागताच वाहनाचा भार पुढच्या चाकावर सरकतो, त्यामुळे थांबविण्याचे अधिक काम पुढील ब्रेकच करतो. तो एकदम न आवळता क्रमाने दाब वाढवीत वापरावा.

पाचवी पायरी रस्त्यावरील वर्तनाची. भारतात वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे उजवे वळण अधिक जोखमीचे असते. त्यात समोरून येणाऱ्या वाहनांचा मार्ग ओलांडावा लागतो. आरशात पाहणे, इशारा देणे, मान वळवून आरशात न दिसणारी बाजू तपासणे, रस्त्याच्या मध्याकडे सरकणे, समोरील वाहनाला आधी जाऊ देणे आणि मगच वळणे, हा क्रम न चुकता पाळला पाहिजे. इशारे इंडिकेटरने अथवा हाताने, परंतु स्पष्ट आणि वेळेवर देता आले पाहिजेत. पादचारी पट्ट्यावर थांबणे आणि इतरांच्या हालचालींचा आधीच अंदाज घेणे या बाबीही नियमाने कौशल्यातच गणल्या आहेत.

ज्ञानाच्या चाचणीसाठी चिन्हांचे वर्गीकरण समजून घेणे पाठांतरापेक्षा अधिक उपयुक्त ठरते. आज्ञा देणारी चिन्हे बहुतांशी वर्तुळाकार, सावध करणारी त्रिकोणी आणि माहिती देणारी आयताकृती असतात. 'थांबा' हे चिन्ह अष्टकोनी आणि 'रस्ता द्या' हे उलट्या त्रिकोणाचे असते. वेगळे आकार देण्यामागे हेतू आहे : धुळीने माखलेले अथवा मागील बाजूने पाहिलेले चिन्हही आकारावरून ओळखता यावे. अपघात झाल्यास जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळविणे हे चालकाचे कर्तव्य कलम १३४ मध्ये सांगितले आहे. २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीला संरक्षण दिले आहे.

दिल्लीतील एक प्रयोग

एवढी तयारी केलेल्या उमेदवाराला तिचा लाभ मिळतो का? या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध शोध दिल्लीत २००४-०५ मध्ये घेण्यात आला. मरियान बर्ट्रांड, सिमिऑन जॅनकोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लईनाथन यांचे हे संशोधन २००७ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स' मध्ये प्रसिद्ध झाले. तो अभ्यास चारचाकी वाहनाच्या अनुज्ञप्तीचा होता. परंतु त्यातून निघणारा धडा दुचाकीलाही तेवढाच लागू पडतो.

अनुज्ञप्ती मिळवू इच्छिणाऱ्या ८२२ व्यक्तींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटाला लवकर अनुज्ञप्ती मिळविल्यास २,००० रुपये बक्षीस देऊ करण्यात आले. दुसऱ्या गटाला वाहन चालविण्याचे मोफत प्रशिक्षण देण्यात आले. तिसऱ्या गटाला काहीही दिले नाही. तो तुलनेसाठी होता. अनुज्ञप्ती मिळाल्यानंतर संशोधकांनी प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी घेतली.

निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. अनुज्ञप्ती मिळविणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के व्यक्तींनी चालविण्याची चाचणी दिलीच नव्हती आणि ६२ टक्के व्यक्ती स्वतंत्र चाचणीत अपात्र ठरल्या. अधिकृत शुल्क ४५० रुपये असताना सरासरी खर्च सुमारे १,१२० रुपये झाला. ही जादा रक्कम दलालांमार्फत गेली. बक्षिसाच्या गटाला अनुज्ञप्ती मिळण्याचे प्रमाण तुलनागटापेक्षा २५ टक्केबिंदूंनी अधिक होते. परंतु त्यांतील अनेकांना वाहन चालविता येत नव्हते. प्रशिक्षण घेतलेल्या गटाचे प्रमाणही १५ टक्केबिंदूंनी वाढले, म्हणजे कौशल्याची दखल अजिबात घेतली गेली नाही असे नव्हे. मात्र कौशल्यापेक्षा पैसे देण्याच्या तयारीला अधिक प्रतिसाद मिळाला.

भ्रष्टाचारामुळे केवळ एकाच्या खिशातील पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो, कामे मात्र वेगाने होतात, असा एक युक्तिवाद पूर्वी केला जात असे. दिल्लीच्या प्रयोगाने तो खोडून काढला. दलालांना विचारणा करून केलेल्या पाहणीत असे दिसले, की अन्य अटींच्या तुलनेत चालविण्याची चाचणी टाळून देणे त्यांना सर्वांत सोपे होते. म्हणजे ज्या अटीवर इतरांचा जीव अवलंबून होता, नेमकी तीच अट विकली जात होती. आणखी एक निरीक्षण अधिक अस्वस्थ करणारे आहे. चाचणीतील अपयश कौशल्यावर अवलंबून नसेल, चांगला चालकही मनमानीने नापास होत असेल, तर प्रामाणिक उमेदवार दलालाकडे ढकलला जातो. येथे अडथळा हा पैसे मिळविण्याचे साधन बनतो.

रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी १९८८ मध्ये भ्रष्टाचाराचे एक सूत्र मांडले : मक्तेदारी अधिक स्वेच्छाधिकार वजा उत्तरदायित्व. चाचणी मैदानावर हे तिन्ही घटक स्पष्टपणे दिसतात. अनुज्ञप्ती देणारी यंत्रणा एकच असते, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे असतो आणि निर्णयाची कारणे नोंदविली गेली नाहीत तर दाद मागणे अवघड होते.

आठचा आकडा आणि मोजमापाचा प्रश्न

स्वेच्छाधिकार कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे चाचणी ठरावीक साच्याची करणे. केरळमध्ये दुचाकीसाठी आठचा आकडा आणि मोटारीसाठी 'एच' अक्षराचा मार्ग या चाचण्या सर्वपरिचित आहेत. पाय टेकला की अपयश, असा निकष असल्याने मतभेदाला फारसा वाव राहत नाही. अनेक राज्यांत उभारलेल्या स्वयंचलित चाचणी मार्गांवर कॅमेरे आणि संवेदक हेच काम करतात : रेषा ओलांडली गेली अथवा पाय टेकला, याची नोंद यंत्रच करते.

परंतु साच्यालाही मर्यादा असतात. एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले मोजमाप राहत नाही, हा चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथे लागू होतो. केरळमध्ये गिअर असलेल्या दुचाकीची चाचणी अनेक वर्षे पुण्याच्या बजाज ऑटोच्या 'एम-८०' या हलक्या गाडीवर दिली जात असे. तिचे गिअर हाताने बदलतात. आठचा आकडा पूर्ण करण्यास ती सोयीची होती. मात्र तिचे उत्पादन केव्हाच थांबलेले होते आणि चाचणी उत्तीर्ण झाल्यानंतर बहुतेकांना पायाने गिअर बदलण्याची मोटारसायकलच चालवावी लागत होती. २०२४ मध्ये त्या राज्याने नियम बदलून पायाने गिअर बदलणारे वाहन आवश्यक केले आणि 'एम-८०' चाचणी मैदानावरून निवृत्त झाली. त्याच वर्षी अन्य बदलांना वाहन प्रशिक्षण संस्थांनी विरोध केला, मे महिन्यात चाचण्या काही काळ खोळंबल्या आणि शासनाला काही अटी शिथिल कराव्या लागल्या. मोजमाप वास्तवाच्या जवळ नेण्याचा प्रयत्न झाला की जुन्या मोजमापावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचा विरोध होतो, हा धोरणकर्त्यांसाठी महत्त्वाचा धडा आहे.

प्रशिक्षणाविषयी पुरावा काय सांगतो?

अधिक प्रशिक्षण म्हणजे कमी अपघात, हे विधान स्वाभाविक वाटते. परंतु २०१० मध्ये कोक्रेन या संस्थेच्या समीक्षेत मोटारसायकल प्रशिक्षणावरील अभ्यासांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा उपलब्ध अभ्यासांचा दर्जा पाहता प्रशिक्षणाच्या परिणामकारकतेविषयी ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे दिसून आले. याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा नाही. स्वेच्छेने प्रशिक्षण घेणारी व्यक्ती मुळातच सावध असू शकते. त्यामुळे प्रशिक्षणाचा परिणाम आणि स्वभावाचा परिणाम वेगळे करणे कठीण जाते. तसेच कौशल्य वाढले की आत्मविश्वास वाढतो आणि काहीजण त्याचा उपयोग अधिक वेगासाठी करतात.

याउलट हेल्मेटविषयीचा पुरावा स्पष्ट आहे. याच संस्थेच्या २००८ च्या समीक्षेनुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्त दुचाकीस्वाराच्या मृत्यूची जोखीम सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची जोखीम सुमारे ६९ टक्क्यांनी घटते. भारतात २०२२ मध्ये मृत्युमुखी पडलेल्यांपैकी ५०,०२९ व्यक्तींनी हेल्मेट घातलेले नव्हते. म्हणूनच चाचणीच्या तयारीत हेल्मेट ही निरीक्षकाला दाखविण्याची वस्तू नसून कौशल्याचाच भाग मानली पाहिजे. जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटला भारतीय मानक चिन्ह अनिवार्य आहे.

सुधारणांची दिशा

२०१९ च्या दुरुस्तीने अनुज्ञप्तीशिवाय वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० रुपये केला. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद झाली. मात्र दंड वाढविल्याने अनुज्ञप्तीची मागणी वाढते. तिचा दर्जा आपोआप वाढत नाही. चाचणी टाळता येत असेल तर कठोर दंडामुळे दलालाची मिळकतही वाढू शकते. म्हणून दंड आणि चाचणी या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सुधारणा आवश्यक ठरते.

जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यांना परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. त्यामुळे मक्तेदारी कमी होते, हा लाभ आहे. परंतु शिकविणारी आणि उत्तीर्ण ठरविणारी संस्था एकच असेल आणि तिचे उत्पन्न शिकणाऱ्याच्या शुल्कावर अवलंबून असेल, तर हितसंबंधांचा संघर्ष उद्भवतो. यावर अर्थशास्त्राने सुचविलेला उपाय दिल्लीच्या प्रयोगातच दडलेला आहे : उत्तीर्ण झालेल्यांपैकी काहींची यादृच्छिक निवड करून त्रयस्थ यंत्रणेकडून फेरचाचणी घ्यावी आणि केंद्रनिहाय निकाल जाहीर करावेत. त्याचबरोबर प्रत्येक अपयशाची कारणे उमेदवाराला लेखी द्यावीत. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. आवश्यकता असते ती नोंदी ठेवण्याची आणि त्या खुल्या करण्याची.

समारोप

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना या विषयाचे मर्म सहज उमगेल. प्रश्नपत्रिका फुटली अथवा गुण विकले गेले, तर सर्वाधिक नुकसान रात्रंदिवस अभ्यास केलेल्याचे होते, याची जाणीव त्यांना असते. दुचाकीच्या चाचणीतही नेमके हेच घडते. फरक एवढाच, की तेथे नुकसान केवळ संधीचे होत नाही, ते जीविताचे होते.

आज मैदानावर रांगेत उभे असणारे काही तरुण उद्या प्रशासनात अधिकारी होतील, काही परिवहन खात्यातही जातील. त्यांच्यापुढे हा प्रश्न दोन वेळा येणार आहे : एकदा उमेदवार म्हणून आणि एकदा निर्णय घेणारा म्हणून. उमेदवार म्हणून ३० दिवसांचा सराव करून, नापास होण्याची तयारी ठेवून, दलालाविना चाचणी देणे हे पहिले उत्तर आहे. ज्याला वाहन येते तो उत्तीर्ण होईल आणि ज्याला येत नाही तो पुन्हा सराव करून येईल, एवढी साधी खात्री देणारी व्यवस्था उभी करणे हे दुसरे. ही खात्री निर्माण झाली, तर अनुज्ञप्तीच्या छोट्याशा कार्डाला शासनाच्या ग्वाहीचे वजन प्राप्त होईल आणि रस्त्यावरून चालणाऱ्या अनोळखी माणसालाही त्या ग्वाहीवर विसंबता येईल.